कथक येत असेल तर फ्यूजन बेली डान्स शिकायला किती दिवस लागतात?

तुम्ही विचारलंय की कथक मध्यमापर्यंत झालंय, तर थेट फ्यूजन बेली डान्सपासून सुरुवात केली तर चालेल का आणि स्टेजवर कधी जाता येईल. २०१३ साली मलाही हाच प्रश्न पडला होता. उत्तर मी स्वतःच देऊन टाकलं होतं : सहा महिने!

तेव्हा नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहत होतो. ही फ्यूजन शैली, म्हणजे बेली डान्समध्ये इतर नाचांची सरमिसळ, तिथलीच. जमिला सलीमपूर यांनी १९६८ मध्ये 'बाल अनात' हा संच काढला, १९८७ मध्ये कॅरोलीना नेरिचिओ यांनी 'फॅटचान्स बेलीडान्स', आणि त्याच परंपरेतून पुढे जिल पार्कर, रेचल ब्राइस या नर्तकी. पहिल्या दिवशी मी ट्रॅक पँट आणि टीशर्टात गेले, तर वर्गातल्या झाडून सगळ्या अमेरिकन बायका चोळी, घेरदार घागरा आणि कच्छी आरशांचे पट्टे बांधून उभ्या. एकीने मलाच विचारलं, "तू चोळी कुठून घेतेस?" मला वाटलं, हे तर आपलंच की! तिथेच माझं घोडं पेंड खायला लागलं.

कथकात तत्कार करताना, म्हणजे पायांनी बोल वाजवताना, गुडघे ताठ, धड एकसंध. इथे गुडघे सैल. छाती जागच्या जागी ठेवून नुसती कंबर फिरवायची, मग कंबर थांबवून नुसती छाती. शिमी, म्हणजे कंबरेची झरझर थरथर, गुडघ्यांतून निघते हे डोक्यात शिरायलाच मला दोन महिने लागले. वर बोटांत झिल. अंगठा आणि मधलं बोट, दोन्ही हातांत मिळून चार छोट्या झांजा, इलॅस्टिक इतकं घट्ट की बोट जांभळं पडायचं. उजवा-डावा-उजवा, उजवा-डावा-उजवा, पायाने काहीही चालू असो, हात थांबवायचे नाहीत.

आठव्या महिन्यात विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमात मला तीन मिनिटं मिळाली, ड्रम सोलो, म्हणजे नुसत्या ड्रमवरचा नाच. दरबुकावाला (दरबुका म्हणजे अरबी ढोलकी) प्रत्यक्ष बसून वाजवणार होता, पण मी तालीम रेकॉर्डिंगवर केलेली. त्याची माझी भेट त्याच संध्याकाळची. मक्सूम हा ताल छान चालला होता, दुम तक तक दुम तक. शेवटी मी हुशारी केली होती. दमदार तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा, मध्ये दम घेत! पहिला पल्ला संपला, 'धा'वर आले, दम घेतला. आता ड्रम सोलोत वादक नाचणारीच्या अंगाकडे बघून वाजवतो. त्याने पाहिलं, बाई थांबली. त्याने एक खणखणीत 'दुम' देऊन संपवलं. टाळ्या.

माझे दोन पल्ले शिल्लक होते. आणि मी ते पूर्ण केले. शांततेत, अनवाणी, गालिच्यावर, घुंगरांशिवाय. थप थप थप. शेवटच्या 'धा'ला मागून एकीने दयेपोटी झगरीत काढली (जिभेने काढतात तो उलूलू आवाज), आणि मी आत पळाले.

फोनवर पुण्याच्या ताईंना, म्हणजे माझ्या कथकच्या ताईंना, हे सांगितलं. मला वाटलं हसतील. म्हणाल्या, "दोन डगरींवर हात ठेवलास की असंच होणार. आता तुझं कथकही बिघडेल." त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं आम्ही दिवाळीच्या मेसेजपुरत्या उरलो.

ताई, डगरी दोन असत्या तर प्रश्नच नव्हता. माझ्याकडे एकच होती! दुसऱ्या जागी नुसती चोळी होती. त्यानंतर मी फ्यूजन बंद करून दोन वर्षं फक्त इजिप्शियन बेली डान्स शिकले. मक्सूम, सैदी, बलदी हे ताल हातावर धरता यायला लागले तेव्हा कुठे कळलं की तिहाईच्या मधल्या दमात नुसतं उभं राहायचं नसतं, तिथे शिमी चालू ठेवायची. मग वादक संपवत नाही.

तेव्हा थेट फ्यूजन नकोच. किमान दीड वर्ष साधा बेली डान्स करा. मात्रा मोजणं आणि चकरा तुमच्या कामी येतील, बाकी कथक दाराबाहेर चपलांपाशी ठेवा. ज्या क्लासात पहिल्याच आठवड्यात सिनेमाच्या गाण्यावर कोरिओग्राफी बसवतात, तिथे फी भरू नका. वर्ग शोधताना 'ट्रायबल फ्यूजन' आणि 'ट्रान्सनॅशनल फ्यूजन' ही याच शैलीची दोन्ही नावं टाका. 'ट्रायबल' हा शब्द आता बऱ्याच जणींनी सोडलाय.

अर्थात नुसती हौस असेल तर माझं काही ऐकू नका, उद्याच जा. आणि कंबरदुखी असेल तर आधी फिजिओला विचारा, हे खरं तर वरच लिहायला हवं होतं.

२०१६ मध्ये पुण्यात ताईंपुढे नाचले. बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "चकरा स्वच्छ आहेत." कथक बिघडलं नाही, हे मात्र त्यांनी अजून कबूल केलेलं नाही.