चाराची पाच करून मिळेल का? तारवाद्यांची प्रश्नोत्तरे

गणपती-नवरात्राचा सीझन संपला की माझ्याकडे एकच प्रश्न फिरून फिरून येतो, चार तारा आहेत, पाचवी घालून मिळेल का. पूर्वी हा प्रश्न तानपुऱ्यापुरता असायचा. आता सातारा-कराडकडच्या ऑर्केस्ट्रातल्या पोरांकडे सेकंडहँड इलेक्ट्रिक अपराइट बास (उभा धरून वाजवायचा, खालच्या सुरांचा बास) आलेत, आणि कुणीतरी सांगून ठेवलंय की पाच तारा म्हणजे प्रोफेशनल आणि चार म्हणजे शिकाऊ. तारवाद्यं बनवणाऱ्यांच्या मिरजेत बसलोय म्हणजे याच्याकडे पाचवी तार खिशातच असणार असं लोकांना वाटतं. फोनवर तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून काही प्रश्न निवडून उत्तरं देतोय. नावं गाळलीत, गावं ठेवलीत.

प्रश्न (सांगली): पाच तारांच्या बास गिटारचा सेट अपराइटला बसेल का? ऑनलाइन स्वस्तात मिळतोय.

नाही. बास गिटारची तार ३४ इंच स्केलची, अपराइट बहुतेक ४१-४२ इंचाचा, तार खुंटीपर्यंत पोचणारच नाही. काही बुटके अपराइट ३४-३५ इंचाचे पण येतात, तुमचा तसला असेल तर नटपासून (खुंट्यांकडची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवरची घोडी) मोजून कळवा, तेच स्केल, मग बोलू. तोवर पाकीट फोडू नका, फोडलं की परत घेत नाहीत.

प्रश्न (कराड): आमचे जेंट्स सिंगर काळी एक नाहीतर पांढरी एकमध्ये गातात. माझा अपराइट जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत ई-ए-डी-जी, खालचा सा मिळत नाही म्हणून ईच्याही खालची बी तार घालायचीय. एक दुकानदार म्हणतो हेडला भोक पाडून पाचवी खुंटी बसवू, नट-ब्रिजला एकेक खाच मारू, दोन तासांचं काम. मित्र म्हणतो मिरजेत तानपुऱ्याला घालतातच की. करू का?

भोक पाडू नका. एवढं वाचून थांबलात तरी चालेल, पण तुम्ही थांबणार नाही हे माहितीय म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं, पट्टी घ्या आणि नटवर पहिल्या तारेच्या मध्यापासून चौथ्या तारेच्या मध्यापर्यंत मोजा. समजा ३३ मिलीमीटर भरलं. चार तारांत फटी तीन, म्हणजे एकेक फट ११ मिमीची. तेवढ्याच जागेत पाच तारा कोंबल्या की फटी चार होतात, एकेक सव्वाआठची. त्यात अपराइटची बी तार स्वतःच तीन मिमीच्या वर जाड, आणि ती वाजताना केवढी झुलते ते कुणाच्या तरी बासवर एकदा बघून या. एक तार दाबायला जाल तर बोट शेजारच्या तारेला टेकणार, बी जोरात ओढली तर ती ई तारेवर आपटणार. मग लोक काय करतात, कडेच्या दोन तारा आणखी कडेला सरकवतात, आणि वरच्या पोझिशनला गेलं की जी तार फिंगरबोर्डवरून घसरून खाली पडते. असला बास दुरुस्त करून द्या म्हणून माझ्याकडं आणतात, आता त्यात दुरुस्त काय करायचं, लाकूडच कमी आहे. एनएस डिझाईनसारख्या कंपन्या चार तारांचा आणि पाच तारांचा बास वेगवेगळा बनवतात, पाचवाला मुळातच पाचासाठी आखलेला असतो, ते काय त्यांना भोक पाडता येत नाही म्हणून नव्हे.

दुसरं, ताण. ही माझी कायमची डोकेदुखी आहे. अपराइटच्या एका तारेवर साधारण २५ ते ३० किलो ताण असतो, म्हणजे तुमचा नेक आत्ताच शंभर-सव्वाशे किलो ओढून धरून उभाय. पाचवी घातली की आणखी तेवढाच एक गडी दोरी ओढायला आला, आणि तो पण एका बाजूनं, त्यामुळे नेक नुसता वाकत नाही तर पिळतो. वाकलेला नेक ट्रस रॉडनं, म्हणजे नेकच्या आतल्या लोखंडी दांड्यानं, थोडाफार सरळ होतो, पिळलेला होत नाही, आणि बऱ्याच अपराइटला ॲडजस्ट करायचा ट्रस रॉडच नसतो. आता तुमच्या मित्राचं तानपुऱ्याचं. तानपुऱ्याच्या जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन सारख्या तारांपैकी एकीवर, तीन-चार किलो ताण असतो हो. कुठं चार आणि कुठं तीस, पण ऐकीव गोष्टीला वजनकाटा लागत नाही, त्यामुळे ती सगळीकडे फिरते.

तिसरी गोष्ट दुकानदार कधीच सांगत नाही. काही अपराइटमध्ये प्रत्येक तारेखाली वेगळा पिएझो (तारेचं कंपन विजेत बदलणारा पिकअप) असतो, चार तारा चार पिएझो. पाचवी तार दोन पिएझोच्या मधल्या जागेत बसली की ती खोलीत वाजते आणि स्पीकरमध्ये कुजबुजते. मग नवा पिकअप, नवं वायरिंग, नवा ब्रिज, नवा टेलपीस. त्या दोन तासांच्या कामाचं बिल कुठं पोचतं बघा, आणि शेवटी हेडला भोक पडलेला बास सेकंडहँडमध्ये पण कुणी घेत नाही.

मग करायचं काय, तर चारच तारा ठेवा आणि बी-ई-ए-डी लावा. अपराइटची सुटी बी तार मिळते, बाकीच्या तीन तुमच्याकडं आहेतच, फक्त प्रत्येक तार एकेक घर सरकते. वरची जी जाते खरी, पण ते सगळे सूर डी तारेवर वर चढून मिळतात आणि ऑर्केस्ट्रात बास वाजवताना तिथं जायची वेळ किती येते ते तुम्हीच सांगा. तुमचा खालचा सी आणि सी शार्प, म्हणजे पांढरी एक आणि काळी एक, बी तारेवर अगदी नटजवळ सापडतात. जाड तारांसाठी नटच्या खाचा रुंद कराव्या लागतात, तिथं जुन्या नटला कानस लावू नका, तो डबीत जपून ठेवा आणि नवीन नट करून घ्या, उद्या परत ई-ए-डी-जी लावायचं झालं तर पाच मिनिटांत होतं. ब्रिजच्या खाचांचं पण तसंच. बाहेरच्या ऑर्केस्ट्रातसुद्धा खालच्या सुरांची अडचण लोकांनी वेगवेगळ्या रीतीनं सोडवलीय, जर्मनीकडे पाच तारांचे बास चालतात, अमेरिकेत बरेचजण चार तारांच्या बासच्या ई तारेसाठी हेडवर फिंगरबोर्डची जादा पट्टी जोडून ती सीपर्यंत लांबवतात. म्हणजे पाचवी तार हा एकच रस्ता नाही.

हे सगळं करून सहा महिने वाजवा. तरीही पाचच हव्या असतील तर वाद्य घेऊन या, नेक मोजू, पिळ बघू, आणि बहुतेक मी तुम्हाला पाच तारांचा वेगळा बास बघा असंच सांगेन. पण बघितल्याशिवाय सांगणार नाही.

प्रश्न (विटा): खालच्या बीऐवजी वरची सी तार घालायचीय, सोलोसाठी. ती बारीक असते, मग चालेल ना?

बारीक असली तरी ताण असतोच आणि जागा लागतेच. चारच तारांवर ए-डी-जी-सी लावा. सेट घ्यायच्या आधी बासचा फोटो आणि स्केलचं माप दाखवा कुणालातरी.

प्रश्न (सातारा): मी बी-ई-ए-डी लावलंय. घरी हेडफोनवर बी तार मस्त येते, प्रोग्रॅममध्ये गायब होते. दुकानात म्हणाले पाच तारांसाठी स्पेशल प्रीॲम्प (मिक्सरच्या आधी आवाज वाढवणारी डबी) लागतो, तो घ्या.

स्पेशल वगैरे काही नसतं. प्रीॲम्पला तारा मोजता येत नाहीत, पाकिटावर पाचाचा आकडा छापला की किंमत वाढते एवढंच.

आधी मिक्सरवर तुमच्या चॅनेलचं लो-कट बटण बघा. ते दाबलेलं असतं, नव्वद टक्के भांडण तिथंच मिटतं. माईकसाठी ऑपरेटर सवयीनं सगळ्या चॅनेलला दाबून ठेवतो आणि ते ७५-१०० हर्ट्झच्या खालचं कापतं. तुमची ओपन ई ४१ हर्ट्झची, बी तर ३१ची, मग राहणार काय. दुसरं, बास थेट मिक्सरच्या लाईन इनपुटला लावताय का? पिएझोला पुढे मोठा इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) लागतो, एक मेगओहम किंवा जास्त, लाईन इनपुट असतो दहा किलोओहमच्या आसपास, तिथं खालचे सूर आधीच गळून जातात आणि आवाज पत्र्यासारखा येतो. यासाठी साधा चांगला प्रीॲम्प किंवा ॲक्टिव्ह डीआय (वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये लावायची डबी) पुरतो, मात्र इनपुटचा आकडा वाचून घ्या. तिसरं, स्टेजवरचे टॉप बॉक्स (वरचे मुख्य स्पीकर) ३१ हर्ट्झ देतच नाहीत, सबवूफर पण सगळे देत नाहीत. तरी कान वरच्या हार्मोनिक्सवरून (मूळ सुराच्या पटीतल्या वरच्या सुरांवरून) खालचा सूर जुळवून घेतो, त्यामुळे ऑपरेटरला नुसता बास वाढवायला सांगू नका, थोडं मिड पण द्यायला सांगा. साउंडचेकला लवकर जा आणि त्याच्याशी नीट बोला. पैसे टाकायच्या आधी मित्राचा डीआय एक दिवस मागून लावून बघा.

प्रश्न (तासगाव): मी बो (गज) वापरत नाही, बोटांनीच वाजवतो. मग ब्रिज सपाट केला तर?

बोसाठी लागते तेवढी गोलाई तुम्हाला नको, पण फिंगरबोर्ड गोल आहे ना, ब्रिज त्याच्याशी जुळलाच पाहिजे, नाहीतर मधल्या तारा घासणार. घरी कानस चालवू नका. कापलेलं लाकूड परत येत नाही.

प्रश्न (वाई): आईचा मिरजेचा चार तारांचा तानपुरा आहे, त्यावर मी गाणं शिकते. मारवा-पूरिया सुरू झाल्यापासून पाचवी तार हवी असं वाटतंय. एक विक्रेता म्हणतो जुना द्या आणि जीआयवाला (भौगोलिक मानांकनाचा) पाच तारांचा घ्या, त्याची जवारी (तारेची भरलेली, झणझणती आस) चांगलीच असते.

ताई, ज्या रागांसाठी तुम्ही पाचवी तार मागताय त्यांना ती लागतच नाही. मारव्याला आणि पूरियाला पंचम नाही, म्हणून पहिली तार पंचमावरून काढून निषादाला लावायची, किंवा तुमचे गुरुजी सांगतील तिथं. मालकंसाला मध्यमाला. चारातच भागतं. पाचवीचा खरा उपयोग यमनसारख्या ठिकाणी, जिथं पंचमही हवा आणि जोडीला निषादही बोलायला हवा. तेव्हा आधी गुरुजींना विचारा, मग मला.

जीआयचं म्हणाल तर २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला ते मिळालं, आम्हाला आनंदच आहे. पण ते वाद्य कुठलं आणि कुठल्या परंपरेतलं हे सांगतं, जवारीची गॅरंटी देत नाही. जवारी माणूस लावतो, घोडीचा माथा कणाकणानं घासून, तारेखाली सूत मागं-पुढं सरकवत, कान लावून. त्या किंचित गोल माथ्यामुळं तारेतून जे सूर उमटतात त्यावर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये शोधनिबंध लिहिला होता, तो काही लेबल बघून लिहिला नव्हता. आणि अब्दुल करीम खाँसाहेब इथं मिरजेत राहायचे तेव्हा वाद्यं स्वतः दुरुस्त करायला बसायचे. तुमचा आवाज ज्याच्याबरोबर जुळलाय तो मुरलेल्या लाकडाचा तानपुरा तसल्या विक्रेत्याला देऊ नका, तो पॉलिश मारून तिसऱ्याला अँटिक म्हणून विकेल.

पाचवी तार घालता येते का? येते. बाजूला खुंटीला जागा आहे का, दांडी आतून कितपत पोकळ आहे, तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी) बसलीय का, गळ्याचा आणि भोपळ्याचा सांधा पक्का आहे का, एवढं बघून मग नवी रुंद घोडी करायची. हे फोटोवरून होत नाही, घेऊन या. नुसती जवारी काढून घ्यायची असली तरी या, बहुतेकांना तेवढंच हवं असतं आणि दोष तारांच्या संख्येला देतात.

प्रश्न (मिरज): मुलीच्या चार तारांच्या व्हायोलिनला पाचवी तार घालून द्याल का?

नाही. पाच तारांचं व्हायोलिन वेगळं मिळतं. तिच्या सरांना विचारून घ्या, घाई नको.

प्रश्न (पाटण): जूनपासून माझ्या अपराइटच्या तारा वर वर चालल्यात, दाबायला जड झालाय. नेक बॉडीला मिळतो तिथं केसासारखी रेघ दिसतेय. लग्नसराईचे प्रोग्रॅम बुक आहेत, जानेवारीत आणला तर चालेल ना? तेव्हाच पाचवी तार पण बघू.

चालणार नाही. जूनमध्ये दिसलेली गोष्ट आत्ता विचारताय आणि आणणार जानेवारीत. पाटणचा पाऊस, लाकूड फुगलं असेल आणि रेघ फक्त पॉलिशची असेल हे शक्य आहे, पण तारा पण वर चढल्यात म्हणता म्हणजे सांधा उघडत असण्याची शक्यता जास्त. आज रात्री सगळ्या तारा थोड्या थोड्या करून दोन-तीन सूर खाली उतरवा. एकदम काढू नका, ब्रिज तारांच्या दाबावरच उभा असतो. रेघेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं बारीक खूण करा. दोन दिवसांनी रेघ खुणेच्या पुढं गेलेली दिसली तर प्रोग्रॅम दुसऱ्या कुणाकडून बास मागून करा, हा वाजवू नका. फेविक्विक ओतायचा विचार मनात आला असेलच, ओतू नका, ते फटीत जाऊन कडक होतं आणि मग खरा सरस लाकडाला धरत नाही, आधी ते खरवडायचं काम माझ्या मागं लागतं. ट्रस रॉड असेल तर तो पण पिळू नका. सांधा उघडा असताना तो पिळणं म्हणजे फट रुंद करणं.

पाचव्या तारेचं सांधा जोडून, वाळून, महिनाभर चार तारांचा ताण सोसला की मग विचारा.

आणताना ब्रिजच्या पायाभोवती पेन्सिल फिरवून जागा आखा, मग ब्रिज काढून फडक्यात वेगळा गुंडाळा. बास आडवा आणि नेकखाली उशी ठेवून आणा, गाडीच्या टपावर बांधून नको. आणि ट्रस रॉडची किल्ली बरोबर घ्या, ती कुणीच आणत नाही.