‘आपण आपल्यात मिटवूया’ म्हणणाऱ्या मॅडमचं काय करायचं?

ताई, मी फोंड्याजवळ मुलांच्या एका वसतिगृहात जेवण करते, सहा वर्षं झाली. आठ वर्षांचा एक मुलगा गणेश चवथीच्या सुट्टीवरून परत आला तेव्हापासून रात्री दोन चड्ड्या आणि वर पँट घालून झोपतो, नाडीला गाठीवर गाठ. अंथरूण ओलं करतो. परवा मी चपात्या लाटत होते तेव्हा येऊन म्हणाला, मावशी, सरांना सांग ना, मला रात्री उठवू नका. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, पोरं थापा मारतात, संस्थेचं नाव जाईल, आपण आपल्यात मिटवूया. माझ्याकडे पुरावा नाही आणि नोकरी गेली तर घर कसं चालवू?
— एक मावशी

मावशी, तुमचं पत्र तीनदा वाचलं, ती नाडीची गाठ काही डोक्यातून जात नाहीये. आठ वर्षांचं पोर स्वतःच स्वतःला कुलूप लावून झोपतंय, आणि एवढ्या मोठ्या वसतिगृहात ते दिसलं कोणाला तर जेवण करणाऱ्या बाईला!

पुराव्याचं आधी डोक्यातून काढा. पुरावा शोधायचं काम पोलिसांचं, तुमचं काम फक्त सांगायचं. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा, मुलग्यांनाही तेवढाच लागू आहे, आणि असं काही घडलंय हे कळलं किंवा घडेल अशी भीती वाटली तरी कळवायचं असं त्यात आहे. चांगल्या हेतूने कळवलं आणि पुढे काही निघालं नाही, तरी तुमच्यावर केस होत नाही. उलट माहीत असून गप्प बसलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्था चालवणाऱ्यांनी हाताखालच्या माणसाचं लपवलं तर वर्षापर्यंत. म्हणजे मॅडम ज्याला ‘मिटवणं’ म्हणतायत तो गुन्हा आहे, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं पण ते तुम्ही नको, आत्ता तर नकोच. सरांनाही जाब विचारायला जाऊ नका, तो माणूस पोराला धमकावेल नाहीतर गावातून पसार होईल.

पोराला खोदून खोदून विचारू नका हं. मायेपोटी आपण दहादा विचारतो आणि मग दर वेळी त्याचं सांगणं थोडं बदलतं, कोर्टात तेच धरतात. आपणहून बोलला तर ऐका, ‘बरं केलंस सांगितलंस’ म्हणा, पण ‘कोणाला नाही सांगणार’ असा शब्द देऊ नका, तो तुम्हाला मोडावा लागणार आहे. आणि तो जे बोलला ते त्याच्याच शब्दात, तारीख घालून, किराणाच्या यादीच्या मागे का होईना लिहून ठेवा.

मग १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. फुकट आहे, रात्री पण लागतो. नाहीतर ११२, पोलिसांचा तातडीचा नंबर. पोलिसात गेलात तर तुम्ही सांगितलेलं लिहून घेऊन तुम्हाला वाचून दाखवतात, आणि २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवावं लागतं. पोराला चौकीवर बसवून ठेवत नाहीत, त्याच्याशी बोलणारे पोलीस खाकीत नसावेत असा नियम आहे.

आणि संस्थेच्या नावाचं म्हणाल तर... मडगावात अनाथ मुलांना सांभाळणारा फ्रेडी पीट्स, त्याचं नाव काय कमी होतं? लोक त्याला दानशूर समजायचे. १९९१ ला पकडला तेव्हा मुलांचे दोन हजारांवर अश्लील फोटो सापडले, १९९६ ला जन्मठेप झाली. गोव्याने मुलांसाठी २००३ ला स्वतःचा वेगळा कायदा केला त्याच्यामागे हे प्रकरण आहे, त्यात फोटो धुणाऱ्यांनासुद्धा मुलांचे तसले फोटो दिसले तर पोलिसांना कळवायला लावलंय. फोटो धुणाऱ्याला सूट नाही तर मॅडमना कुठून असणार?

नोकरीचं मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. जाऊ शकते. कायदा केसपासून वाचवतो, पगार देत नाही. पण फोंड्यात जेवण करणारी बाई सगळ्यांना हवी असते, कॅन्टीन आहेत, लग्नाच्या ऑर्डरी आहेत, चार ठिकाणी आत्ताच शब्द टाकून ठेवा. आणि फोनवर पहिल्यांदाच सांगा की तो माणूस अजून तिथेच झोपतो आणि पोरगाही तिथेच, म्हणजे ते उद्यावर ढकलणार नाहीत. बाकीच्या मुलांचंही सांगा, एकालाच उठवत असेल असं मला वाटत नाही.

रात्र व्हायच्या आत, मावशी. संध्याकाळचा भात चढवायच्या आधी फोन करा.