लोन की चाइल्ड प्लॅन ते नंतर बघू, आधी स्विफ्टची चावी काढून घ्या

नेरूळच्या एका वाचकांचं पत्र आलंय. वय ५१, प्रायव्हेट नोकरी, हातात महिना एक लाख तीस हजार, त्यातले अडतीस हजार उलव्याच्या फ्लॅटच्या हप्त्याला जातात. मुलगा बारावीला, डिसेंबरात अठरा पूर्ण होतील, आणि वाढदिवसाला त्याला दीड लिटर टर्बोवाली १५० पीएसची (पीएस म्हणजे हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप) सेडान द्यायचीय, ऑन-रोड साडेएकवीस लाख. त्याच्यासाठी घेतलेला चाइल्ड प्लॅन यंदा मॅच्युअर होतोय, १४ लाख येतील. प्रश्न एवढाच की ते पैसे गाडीत घालू की शोरूमवाला म्हणतोय तसं लोन काढू. आणि जाता जाता एक ओळ लिहिलीय: "मिसेस म्हणते नव्या ड्रायव्हरला एवढी पावरफुल गाडी देऊच नये, कायद्यानेच बंदी हवी, पण मुलगा मस्त चालवतो, गेलं वर्षभर रविवारी पहाटे पाम बीच रोडला आमची जुनी स्विफ्ट तोच चालवतो, मी बाजूला असतो."

साहेब, ही जाता जाता लिहिलेली ओळच तुमच्या पत्रातली सगळ्यात महाग ओळ आहे, साडेएकवीस लाख तिच्यापुढे काहीच नाहीत.

मुलगा १७ वर्षांचा आहे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १९९ए आलं, त्यात अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. मला माहीत नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची, आणि तुम्ही तर शेजारच्या सीटवर बसलेले. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोघांचा जीव गेला, तेव्हा काय झालं ते आपण सगळ्यांनी महिनाभर टीव्हीवर पाहिलंय, ते परत सांगत बसत नाही.

मी पैशाचा माणूस आहे म्हणून पैशातच सांगतो. पहाटे पाम बीचला सायकलवाले असतात, पळणारे असतात. समजा गाडीखाली गेला तीस वर्षांचा एक आयटीवाला, पर्मनंट नोकरी, महिना एक लाख, घरी बायको आणि एक मूल. अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या ट्रिब्युनलचा हिशोब कसा चालतो बघा: वर्षाचे १२ लाख, चाळिशीच्या आतला पर्मनंट माणूस म्हणून पुढच्या पगारवाढीचे ५० टक्के वर, झाले १८. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा, राहिले १२. त्या वयाला गुणक, म्हणजे किती वर्षांची कमाई धरायची तो आकडा, १७. टॅक्स-बिक्स बाजूला ठेवला तर दोन कोटी चार लाख. लायसन असलेला माणूस चालवत असता तर हे इन्शुरन्स कंपनीने भरले असते, थर्ड पार्टीत, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या विम्यात, मृत्यूला किंवा इजेला वरची मर्यादा नाही. लायसन नसेल तर बऱ्याच केसेसमध्ये कोर्ट कंपनीला सांगतं की आधी तू त्या कुटुंबाला दे आणि मग मालकाकडून वसूल कर. मालक तुम्ही. उलव्याचा फ्लॅट, पीएफ, चाइल्ड प्लॅन सगळं विकून बघा दोन कोटी होतात का. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम तर सोडूनच द्या.

त्यामुळे येत्या रविवारपासून हे बंद. लर्निंग लायसन अठरा पूर्ण झाल्यावरच मिळेल, त्यानंतर किमान तीस दिवस थांबल्याशिवाय पक्क्या लायसनची टेस्ट देता येत नाही. म्हणजे वाढदिवसाला हार घालून, पेढे वाटून शोरूममधून गाडी तो स्वतः चालवत आणणार हे जे तुम्ही लिहिलंय ते होऊच शकत नाही, त्या दिवशी त्याच्याकडे लायसनच नसेल. हे शोरूमवाल्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

आता वहिनींचा मुद्दा. त्यांचं बरोबर आहे, आणि त्या एकट्या नाहीत. इटलीत नवं लायसन काढणाऱ्याला पहिली तीन वर्षं गाडीच्या वजनाच्या दर टनाला ७५ किलोवॅट आणि एकूण १०५ किलोवॅट अशी मर्यादा आहे, डिसेंबर २०२४ नंतर लायसन मिळालेल्यांना. तुमची १५० पीएस म्हणजे ११० किलोवॅट, वजन साधारण साडेबाराशे किलो, टनाला ८८. दोन्हीत नापास. जुनी स्विफ्ट मात्र आरामात पास. ऑस्ट्रेलियात सिडनी, मेलबर्नकडे नव्या ड्रायव्हरला टनाला १३० ची मर्यादा आहे, तिथे तुमची सेडान चालून जाईल. पण सिडनीच्या राज्यात पंचविशीच्या आतल्या अगदी नव्या ड्रायव्हरला रात्री अकरा ते पहाटे पाच एकवीसच्या आतला एकच पॅसेंजर बसवता येतो, आणि मला विचाराल तर तो नियम पावरच्या नियमापेक्षा शहाणा आहे, कारण स्विफ्टसुद्धा मागे तीन मित्र ओरडत असताना रात्री एक वाजता काय करायचं ते करतेच. आपल्याकडे यातलं काही नाही. अठरा पूर्ण, हलक्या मोटर वाहनाचं लायसन हातात, की दुसऱ्या दिवशी २८० पीएसची इलेक्ट्रिक एसयूव्ही घेऊन अटल सेतूवर चढायला मोकळा.

बरं कायदा नाही तर निदान इन्शुरन्सने तरी अडवावं, परदेशात तरुण ड्रायव्हरचा प्रीमियम ऐकूनच बाप गाडीचा विषय सोडतो. इथे थर्ड पार्टीचा दर इंजिनच्या सीसीवर, २०२२ च्या दराने हजार ते दीड हजार सीसीला वर्षाला ३,४१६ रुपये. तुमची ८३ पीएसची स्विफ्ट १,१९७ सीसी, ही टर्बो १,४९८ सीसी. दोघी एकाच स्लॅबमध्ये! चालवणारा अठराचा आहे की पंचावन्नचा हे त्या दरात कुठेच येत नाही. म्हणजे अडवणारं कोणी असेल तर ते घरातच, आणि तुमच्या घरी ते काम वहिनी करतायत, त्यांना करू द्या.

अजून एक, जे एजंट कधी सांगत नाही. गाडीच्या पॉलिसीत १५ लाखांचा पर्सनल अ‍ॅक्सिडेंट विमा असतो तो मालक-चालकाचा, म्हणजे आरसीवर नाव असलेला माणूस स्वतः चालवत असेल तर. गाडी तुमच्या नावावर, चालवणार मुलगा, त्याला त्यातले शून्य. तो लायसन काढेल त्या दिवशी त्याच्या नावाने वेगळी अपघात पॉलिसी घ्या, फार महाग नसते.

आता तुमचा मूळ प्रश्न, त्याला फार वेळ लागत नाही. चाइल्ड प्लॅनमध्ये तुम्ही वर्षाला ६० हजार असे पंधरा वर्षं भरलेत, ९ लाख, मिळणार १४. जेमतेम साडेपाच टक्के. तेच पैसे गुपचूप पीपीएफमध्ये टाकले असते तर सोळा-सतरा लाख झाले असते. एजंटने २२ सांगितले होते म्हणता, लेखी दाखवा म्हणालात का कधी? जाऊ दे, झालं ते झालं, पण ज्या वर्षी मुलगा बारावीला आहे, पुढे चार वर्षांची फी, हॉस्टेल लागलं तर हॉस्टेल, धरा १२ ते १५ लाख, त्याच वर्षी त्याच्या शिक्षणाच्या नावाने साठवलेले पैसे त्याच्या गाडीत घालायचे हे मला तरी कळत नाही.

आणि शोरूमचा सल्ला तर वाचून डोकंच फिरलं. म्हणे १४ लाख म्युच्युअल फंडात ठेवा, १५ टक्के मिळतात, लोन ९ टक्क्यांना घ्या, मधला फरक खिशात, गाडी जवळपास फुकट. लोनचे ९ टक्के नक्की आहेत, फंडाचे १५ कोणी लिहून दिलेत? १४ लाख, सात वर्षं, ९ टक्के म्हणजे हप्ता साडेबावीस हजार, व्याजच पाच लाखांच्या आसपास. फ्लॅटचे अडतीस धरून हप्तेच साठ हजार, वर पेट्रोल, इन्शुरन्स, सर्व्हिसचे दहा-बारा हजार. एक लाख तीस मधले बहात्तर गेले. शिवाय डाउन पेमेंटचे साडेसात लाख कुठून येणार हे पत्रात कुठेच नाही, माझा अंदाज इमर्जन्सीच्या एफडीतून.

तर १४ लाख आले की फीच्या तारखांप्रमाणे एक, दोन, तीन वर्षांच्या एफडी करून टाका, इक्विटीच्या वाटेला जाऊ नका, एवढ्या कमी दिवसांत नाही. तुमच्या स्वतःवर सगळ्या जुन्या पॉलिसी मिळून आठ लाखांचं कव्हर आहे आणि फ्लॅटचं लोन डोक्यावर, नोकरी अजून नऊ वर्षं आहे तोवर निदान एक कोटीचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे फक्त मृत्यूचा विमा, घ्या, ५१ ला प्रीमियम टोचेल पण गाडीच्या हप्त्यापेक्षा कमीच पडेल. मुलाने लायसन काढून वर्षभर स्विफ्टच चालवावी, दिवसा, मित्र न भरता, पावसाळ्यात सायन-पनवेल हायवेचे खड्डे एकदा बघून घ्यावेत. मग तो नोकरीला लागला की त्याच्या पगारातून त्याला हवी ती घेऊ दे.

बुकिंगचे २१ हजार भरलेत म्हणता. फॉर्मच्या मागे कॅन्सलेशनचं बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा, आणि ईमेलवरच कॅन्सल करा, फोनवर नाही. दोन-पाच हजार कापले तर कापू दे.