मॅडिसन नदीवर फ्लाय-फिशिंगला (नकली माशी लावून गळाने मासेमारीला) जायचंय? आधी पाणी बघ

जूनच्या सुरुवातीचं तिकीट काढू नकोस. तेव्हा बर्फ वितळून अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या बहुतेक नद्या गढूळ, फुगलेल्या असतात. मॅडिसनला जुलै नाहीतर सप्टेंबर बरा. ऑगस्टमध्ये पाणी फार तापलं तर दुपारी दोननंतर मासेमारी बंद ठेवतात, त्यामुळे सकाळीच उतर. यलोस्टोन नॅशनल पार्कात मासे धरायचे तर मोंटानाचा परवाना चालत नाही, वेगळा काढावा लागतो. तिथे फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाच्या) तळव्याचे बूट नकोत आणि गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबलेला हवा.

पहिल्या दिवशी मी शहाणा थेट मांडीभर पाण्यात शिरलो, गोट्यांवरून सटकलो, वेडर (पाण्यात उतरायची उंच रबरी विजार) पाण्याने भरले. ट्राउट मासे होते माझ्या मागे, काठालगत गुडघाभर पाण्यात! वेडरचा पट्टा घट्ट आवळ. गळाला नकली माशी कुठली बांधायची ते एनिस गावातल्या मासेमारीच्या दुकानात त्याच सकाळी विचार.