दारात आलेल्याला पसाभर तांदूळ, मग स्टेशनवरच्याला काय?

तुम्ही विचारलंय की वासुदेव दारात आला की कोकणातली म्हातारी माणसं लगेच सूप घेऊन उठतात, आणि चिपळूण किंवा कुडाळच्या स्टेशनवर कुणी हात पसरला की तीच माणसं तोंड फिरवतात. असं का, इतर समाजांत काय रीत आहे, आणि आपण नेमकं द्यावं काय?

वासुदेवाची वेळ ठरलेली, सकाळची. वेश ठरलेला, मोरपिसांची टोपी आणि हातात चिपळ्या. मिळालेलं दान तो स्वतःच्या नावावर घेत नाही, 'दान पावलं' म्हणत देवांच्या नावाने पोचवतो. देणाऱ्यालाही माप ठाऊक असतं: पसाभर तांदूळ, फार तर वर एक नारळ. शिमग्यात सिंधुदुर्गात शबय, म्हणजे सणाची दक्षिणा, मागतात तेव्हाही तसंच. किती, कधी आणि कशाबद्दल हे दोघांनाही माहीत असलं की मागणाऱ्याची मान खाली जात नाही. स्टेशनवर यातलं काहीच ठरलेलं नसतं, म्हणून देणारा बिचकतो आणि मागणाऱ्याला गयावया करावी लागते.

जिथे जिथे दानाची रीत टिकली, तिथे हे माप सापडतं. थायलंडमध्ये भिक्खू पहाटे अनवाणी निघतो, तोंडाने काही मागत नाही, मिळाल्यावर आभारही मानत नाही. पात्रात पडलेलं अन्न त्याने दुपारच्या आत खायचं, पुढे साठवायचं नाही. आपल्याकडे मुंजीतल्या भिक्षावळीत बटू पहिल्यांदा आईपुढे झोळी धरतो. स्मृतीत सांगितलंय, पहिली भिक्षा जी नाही म्हणणार नाही तिच्याकडेच मागावी. मागायला शिकताना पहिलाच नकार पदरी पडू नये, हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

सगळ्यात काटेकोर हिशोब इस्लाममध्ये आहे. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीवर अडीच टक्के जकात, म्हणजे धर्माने बंधनकारक केलेलं दान, शिवाय रमजानच्या शेवटी फित्रा. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, आणि या पंथात फित्रा रोजच्या खाण्यातल्या धान्याचाच द्यायचा असतो. म्हणून इथे तो तांदळाचा: घरातल्या प्रत्येक माणसामागे, तान्ह्या बाळासकट, एक साअ, म्हणजे साधारण अडीच ते तीन किलो. तोही शक्यतो ईदच्या नमाजाआधी, म्हणजे घेणाऱ्याच्या घरीही सणाच्या दिवशी चूल पेटते. अलिबागच्या बाजूला वसलेल्या बेने इस्रायली ज्यूंच्या धर्मात दानाला जो शब्द आहे, तो न्याय या अर्थाच्या मुळातून आलाय. बाराव्या शतकातल्या मायमोनिदीस या ज्यू पंडिताने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सर्वांत वरची म्हणजे कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन समोरच्याला मागायची गरजच उरू नये असं करणं.

कोकणातली दुसरी बाजूही सांगायला हवी. 1927 च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि टाकलेले शिळे तुकडे सोडा, असं आपल्या माणसांना निक्षून सांगितलं. ज्या दानात देणाऱ्याची अडगळ दुसऱ्याच्या पदरात जाते, ते माणसाला खाली दाबतं. तेव्हा आंबलेला भात, कालची आमटी, फाटका कपडा कुणाच्या हातात ठेवू नका.

आता प्रत्यक्ष काय द्यायचं. दारात आलेल्याला शिधा द्यायचा तर एका माणसाच्या एका जेवणाला सव्वाशे ग्रॅम तांदूळ, मूठभर डाळ, मीठ, दोन मिरच्या आणि नारळाची कवड पुरते. तांदूळ कुठला ते मात्र बघा. दहा घरं फिरलेल्या झोळीत उकडा (भात उकडून काढलेला), सुरय (न उकडलेला) आणि रेशनचा तांदूळ एकत्र होतो. उकडा शिजेपर्यंत सुरयचा गाळ होतो आणि जेवण धड होत नाही. उकडा देत असाल तर वेगळी पुडी बांधून द्या, एवढ्याने फरक पडतो. देताना खळ्यात, म्हणजे अंगणात, उतरून द्या, उंबरठ्याच्या आतून फेकू नका. 'घराला दोष आहे' म्हणून घाबरवणाऱ्याला किंवा दागिन्यांना झळाळी देतो म्हणणाऱ्याला मात्र काहीच देऊ नका, आतही घेऊ नका.

स्टेशनवर आणि बाजारात थोडं वेगळं. आपल्याकडे 1959 चा भीक प्रतिबंधक कायदा आहे. गाणं, नाच, भविष्य सांगणं यांच्या निमित्ताने मागितलेलंही त्याच्या व्याख्येत भीकच ठरतं, म्हणजे कागदावर आपला वासुदेवही सापडतो. 2018 साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यातली बरीच कलमं दिल्लीपुरती रद्द केली, आणि ते योग्यच झालं असं मला वाटतं. भुकेला कोठडी हे उत्तर नव्हे. मोठ्या माणसाला गरम वडापाव-चहा द्या. औषधाची चिठ्ठी दाखवत असेल तर दुकानापर्यंत सोबत जा आणि औषध घेऊन द्या.

मुलाच्या हातात पैसे अजिबात नकोत. सीलबंद बिस्किटाचा पुडाही पुन्हा दुकानात जाऊ शकतो, म्हणून फोडून द्या, तिथेच खाऊ दे. मुलाला भीक मागायला लावणाऱ्याला 2015 च्या बाल न्याय कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखाचा दंड आहे. 1098 या मुलांच्या मदतवाहिनीवर फोन करा. गाडीत असाल तर गाडीचा नंबर, डबा, पुढचं स्टेशन आणि मुलाच्या अंगावरचे कपडे सांगा, नाहीतर तुमचा फोन होईपर्यंत मूल दुसऱ्या गाडीत चढलेलं असतं.