खुब्याच्या ऑपरेशननंतर आजींना झोपवून ठेवायचं की उठवायचं?

तुम्ही लिहिलंय की तासगावच्या घरी न्हाणीत पाय घसरून आजी पडल्या, मिरजेत ऑपरेशन करून खुब्यात रॉड घातला. डॉक्टर दुसऱ्याच दिवशी वॉकरवर उभं करा म्हणतात, काका म्हणतात महिनाभर अंथरुणात ठेवा, हाड जुळू दे. काकांची माया कळते, पण इथं डॉक्टरांचंच ऐका.

पूर्वी पायाला वजन लटकवून दोन-तीन महिने झोपवत, कारण हाड धरून ठेवायला दुसरं काही नव्हतं. आता ते काम रॉड करतो. हाड जुळायला तीनेक महिने लागणारच, पण तोवर पडून राहिल्यानं बाकीचं शरीर खचतं. २००७ च्या एका अमेरिकी अभ्यासात धडधाकट वृद्धांना फक्त १० दिवस पलंगावर ठेवलं, तर पायांचं जवळपास एक किलो मांस उतरलं. शिवाय छातीत कफ साठतो, पोटरीत रक्ताच्या गुठळ्या होतात, माकडहाडावर आणि टाचांवर जखमा होतात, म्हातारी माणसं रात्री भ्रमात बडबडायला लागतात. खुबा मोडलेली माणसं बरेचदा या दुखण्यांनीच दगावतात.

डॉक्टरांना एक गोष्ट नक्की विचारा आणि कार्डावर लिहून घ्या: पायावर पूर्ण वजन टाकायचं, अर्धं, की नुसता पंजा टेकवायचा? त्यावर पुढचं सगळं ठरतं.

आता उठवायचं कसं. लिहून दिलेली दुखण्याची गोळी पाऊण तास आधी द्या. गोळी वाचवायला गेलात तर पहिल्याच कळेला आजी घाबरतील आणि दुसऱ्या दिवशी उठायला तयार होणार नाहीत. पाठ उंच करून दहा मिनिटं बसवा, पावलं १५-२० वेळा वर-खाली करायला सांगा. मग पाय खाली सोडून पाच मिनिटं. चक्कर आली तर परत आडवं करा, तासाभरानं पुन्हा बघा. उभं राहताना हात पलंगाच्या कडेवर रेटायचे. वॉकर धरून उठलं की तो अंगावर कलंडतो. तुम्ही काखेत हात घालून ओढू नका, कमरेला पंचा घट्ट बांधून तो धरा. नऊवारी असेल तर सध्या गाऊन बरा, काठ पायात येतो.

वॉकरची मूठ सरळ उभं राहिल्यावर मनगटाच्या घडीला यावी. क्रम असा: आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. उंबरा किंवा पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. पहिल्या दिवशी चार-पाच पावलं पुरेत, पण दिवसातून तीनदा. एकदाच वीस पावलं चालवून दमवू नका. मधल्या वेळात खुशाल झोपू द्या, मात्र दर दोन तासांनी कूस बदला.

खालची बाज, पाट, भारतीय संडास तूर्त बंद; कमोडची खुर्ची आणा. (रॉडऐवजी खुब्याचा गोळा बदललेला असता तर वाकण्याचे, पाय दुमडण्याचे नियम याहून कडक असते.) नुसत्या पेजेवर ठेवू नका. अंडं, डाळ, दूध, दही रोज पोटात जायला हवं. किडनीचा त्रास असेल तर किती द्यायचं ते विचारून. आपल्या सांगलीकडे हळदीला तोटा नाही, पण टाक्यांवर लावू नका.

चालल्यावर ठणकलं आणि तासाभरात कमी झालं तर काळजी नाही. पण जांघेत अचानक सणक येऊन पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला, टाक्यातून पाणी आलं, एकच पोटरी सुजून गरम झाली, तर त्याच दिवशी दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थांबू नका, थेट दवाखाना. सुजलेली पोटरी तेल लावून चोळायची तर मुळीच नाही, गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

आणि ज्या न्हाणीत आजी पडल्या तिथं त्या घरी यायच्या आत भिंतीला दांडी ठोका, फरशीचं शेवाळ घासून काढा, रबरी चटई टाका, रात्रभर दिवा चालू ठेवा.