बेळगावात राहून फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट होता येतं का? प्रॅक्टिस आणि शिकवणं दोन्ही जमतं का?

जमतं की. तुम्ही लिहिलंय की खानापूरच्या आहात, बी.ए. सायकॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि सिरियलमध्ये दाखवतात तसं गुन्हेगाराचं मन ओळखायचं काम करायचंय. मी बेळगावात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, सकाळी ओपीडी, दुपारी एम.ए.ला लेक्चर आणि अधूनमधून कोर्टाकडून आलेल्या केसेस, म्हणून लिहितोय.

आधी क्लिनिकल व्हा. आरसीआयचं, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं रजिस्ट्रेशन क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला मिळतं, फॉरेन्सिकला वेगळं काही नाही. आतापर्यंत दोन वर्षांचं एम.फिल. हा रस्ता होता, तो आता बंद होतोय आणि नवीन कोर्स येतायत, तेव्हा फी भरायच्या आधी कोर्सला आरसीआयची मान्यता आहे का ते बघा. फॉरेन्सिक सायन्स युनिव्हर्सिटीचं कॅम्पस धारवाडला आलंय, तिकडे कुठले विषय चालू आहेत तेही विचारा.

आता कामाचं. लाय डिटेक्टर आणि नार्को (औषधाच्या गुंगीत प्रश्न विचारणं) डोक्यातून काढा. २०१० साली सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की संमतीशिवाय या टेस्ट करता येणार नाहीत. आमच्याकडे येतं ते वेगळंच. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर (कायद्याच्या भाषेत 'हीनस') गुन्ह्याचा आरोप असला की २०१५ च्या जुव्हेनाइल जस्टिस कायद्याखाली त्याची मानसिक कुवत, परिणामांची समज आणि कुठल्या परिस्थितीत घडलं हे तपासायला जुव्हेनाइल जस्टिस बोर्ड सायकॉलॉजिस्टची मदत घेतं. त्यानं गुन्हा केला का, हे आपण ठरवायचं नसतं, आणि नवीन पोरं नेमकी तिथंच घसरतात.

दुसरं काम म्हणजे आरोपी मानसिक आजाराचं सोंग करतोय का ते बघणं. सोंग करणारा बहुतेक वेळा अती करतो, दोन अधिक दोन पाच सांगतो, गायीला पाय किती विचारलं तर तीन म्हणतो, म्हणजे उत्तर माहीत असल्याशिवाय इतकं जवळचं चुकणं अवघडच. खरा आजारी माणूस उलट लपवतो, आवाज ऐकू येतात का विचारलं की नाही म्हणतो आणि बोलता बोलता मान वळवून दाराकडं कान देतो. तरी एवढ्यावर काही लिहायचं नाही हां, टेस्ट, जुनी औषधाची चिठ्ठी, घरच्यांचं म्हणणं, जेलमधलं वागणं सगळं जुळवायचं. अगदी जवळचं चुकीचं उत्तर देणारे खरे पेशंटही असतात.

आणि माझं कळकळीचं सांगणं, ज्याची थेरपी चालू आहे त्याचाच कोर्टासाठी रिपोर्ट करू नका. थेरपीत तो विश्वासानं बोलतो, कोर्टाच्या तपासणीत त्याचं बोलणं जजसमोर जाणार असतं, आणि हे पहिल्या पाच मिनिटांत त्याच्या भाषेत त्याला सांगावंच लागतं. आपल्याकडं माणूस मराठीत बोलतो, रिपोर्ट इंग्लिशमध्ये, कोर्टाचे कागद कन्नडमध्ये. म्हणून कन्नड नुसतं बोलता येऊन भागत नाही, वाचायला शिका, आत्तापासून.

शिकवण्याचं म्हणाल तर नेट किंवा केसेट (प्राध्यापक होण्यासाठीची देशपातळीवरची आणि कर्नाटकची पात्रता परीक्षा) पास व्हा, नुसत्या डिग्रीवर कायमची जागा मिळणं कठीण. मला स्वतःला शिकवणं फार आवडतं. वर्गात खोटं कोर्ट भरवतो, एक जण साक्षीदार, एक जण वकील. परवा एका मुलीनं रिपोर्टमध्ये 'निश्चितपणे' लिहिलं होतं, वकील झालेल्या पोरानं तिला त्याच एका मुद्द्यावर पंधरा मिनिटं धरलं, शेवटी ती म्हणाली, सर, 'उपलब्ध माहितीवरून' असं लिहिते. अशी पोरं पुढं साक्षीला उभी राहिली की घाबरत नाहीत.

पैसा ओपीडी आणि कॉलेजमधून येतो, कोर्टाचं काम कमी आणि उशिरा पैसे देणारं. सुट्टीत धारवाडच्या डिमहान्सला, म्हणजे तिथल्या मानसिक आरोग्य संस्थेत, इंटर्नशिपसाठी अर्ज करून बघा, खानापूरहून लांब नाही आणि वॉर्डात बसल्याशिवाय हे काम आपल्याला झेपेल का ते कळत नाही.